‘मला अनुभव आला’ : मान्य, पण पुरावा कशाचा?

मागच्या पावसाळ्यात विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही २२ प्रतिज्ञा एकेक करून समजून घेत होतो. बारावीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, मी देव मानत नाही. पण माझ्या आईच्या अंगात देवी येते. ती नाटक करत नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. मग तिला खोटारडी म्हणू का? आणि ती खोटं बोलत नसेल तर देवी खरी नाही का?”

मी काही बोलण्याआधीच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने त्याला “हे सगळं थोतांड आहे, आईला समजव” असे सांगून खाली बसवले. मुलगा बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही.

मित्रांनो, चूक त्या मुलाची नव्हती. त्याच्या प्रश्नात दम होता. आपल्याकडे त्याचे उत्तर अडीच हजार वर्षांपासून आहे, आणि आपण ते न देता त्याच्या आईचा अपमान करून मोकळे झालो. म्हणून हा लेख.

आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्या सगळ्यात बळकट रूपात घेऊ. रिचर्ड स्विनबर्न नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७९ साली देवाच्या अस्तित्वावर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एखादी गोष्ट आहे असे माणसाला जाणवले, तर विरुद्ध कारण मिळेपर्यंत ती आहे असेच धरावे. समोर झाड दिसले की आपण झाड आहे असेच मानतो ना? मग भक्ताला देव जाणवला तर तिथेच पुरावा का मागता? आपल्या वस्तीतली मावशी हेच तिच्या शब्दांत सांगते, “ज्याला आला त्यालाच कळतं, तुला काय कळणार?” याला ‘थोतांड’ हे उत्तर होत नाही.

आता दाढदुखीचे उदाहरण घ्या. पूर्वी बाजारात दाढेतली कीड काढून देणारे बसायचे. धुरी द्यायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि बारीक अळी काढून हातावर ठेवायचे. माणसाची दाढ खरोखर दुखत असे. त्याला काही वेळ बरे वाटले हेही खरे असे. पण अळी दाढेतली नव्हती, ती त्या माणसाने आणलेली होती. म्हणजे दुखणे खरे, आराम खरा आणि अळी खोटी. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

धार्मिक अनुभवाचेही तसेच आहे. ‘माझे अंग थरथरले, डोळ्यांपुढे प्रकाश आला, मन भरून आले’ हा झाला अनुभव. त्यावर वाद नाही. ज्याच्या अंगाला झाले त्यालाच तो माहीत. ‘हे देवीने केले’ हा मात्र अनुभव नाही, तो त्या अनुभवाचा लावलेला अर्थ आहे. अर्थ तपासावाच लागतो. त्या मुलाची आई खोटारडी नाही. ती आपल्या अनुभवाला तिच्या हाताशी असलेले एकमेव नाव देते, इतकेच.

झाडाच्या दाखल्याचे काय? आपण डोळ्यांवर विश्वास ठेवतो कारण डोळे तपासता येतात. दोरीला साप समजलो तर बॅटरी मारून बघतो, शेजाऱ्याला विचारतो, काठीने हलवतो. झाड आहे म्हटले तर दुसराही त्याला हात लावू शकतो, न मानणाराही त्याला धडकतो. बाबासाहेब बॅरिस्टर होते. कोर्टात साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी होते, कारण प्रामाणिक माणूसही चुकतो. ‘ज्याला आला त्यालाच कळतं’ हे वाक्य उलटतपासणीला नकार देते. आणि ज्या साक्षीची उलटतपासणी होऊ शकत नाही, तिच्यावर इतरांना बांधून घेणारा निकाल देता येत नाही. विल्यम जेम्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ धर्माचा शत्रू नव्हता. १९०२ च्या आपल्या ग्रंथात त्यानेही हेच म्हटले की असे अनुभव ज्याला येतात त्याच्यावर त्यांची सत्ता चालते, पण इतरांनी ते बिनतक्रार मानावे असा हक्क त्यांना मिळत नाही.

शिवाय हे साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. १८५८ साली फ्रान्समधल्या लूर्द गावात बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला एक तेजस्वी स्त्री दिसली. चर्चने ती मेरी माता मानली. तीच मुलगी मांढरदेवला जन्मली असती तर तिला कोण दिसले असते? काळूबाई. ज्याच्या घरात जो देव, तोच त्याच्या स्वप्नात येतो. कोणी म्हणेल, देव एकच, रूपे अनेक. पण मेरीचा भक्त हे मान्य करत नाही, आणि एकेश्वरवादी तर मुळीच नाही. ‘रूपे अनेक’ हा अनुभव नाही, भांडण मिटवायला नंतर काढलेली तडजोड आहे.

चौथी गोष्ट हिशेबाची. नवस पावला तो माणूस वाजतगाजत येतो. नवस करूनही ज्याचे लेकरू गेले, तो येऊन सांगत नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे ३०० माणसे मेली. ती सगळी देवीवर श्रद्धा ठेवूनच डोंगर चढली होती. त्यांचा अनुभव पुराव्याच्या कोणत्या खात्यात लिहायचा? जमा तेवढी लिहायची आणि खर्च लपवायचा, याला हिशेब म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात.

आणि आपल्या लोकांचा अनुभव? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगावी आपल्या माणसांनी देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती नदीत, विहिरीत सोडल्या. ‘कोप होईल, घरदार बसेल’ असे गावाने बजावले होते. कोप झाला नाही. पोरे शाळेत गेली, नोकरीला लागली. लाखो माणसांनी एकाच वेळी देव सोडून पाहिला आणि काही बिघडले नाही, हासुद्धा अनुभवच आहे. पण ‘अनुभव हाच पुरावा’ म्हणणारे तो कधी मोजत नाहीत.

‘इतक्या लोकांना आला तो खोटा कसा?’ असेही विचारले जाते. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायले. लोकांनी ते स्वतःच्या चमच्याने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. दूध पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून ओघळत होते. लोक खोटे बोलत नव्हते, चमचा खरोखर रिकामा होत होता. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी ‘गोड’ झाले आणि ते घाण पाणी लोक बाटल्यांत भरून पिऊ लागले, तेव्हाही तसेच. डोके मोजून सत्य ठरत नाही.

आता आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. अनुभव पुरावा असेल, तर कोणाचा अनुभव?

संत चोखामेळ्याचा विठ्ठलाचा अनुभव वारकरी परंपरा आजही खरा मानते. मग त्या अनुभवाच्या जोरावर त्याच्यासाठी मंदिराचे दार उघडले का? नाही. त्याची समाधीही पायरीशीच आहे. पुजाऱ्याने ‘तुला देव भेटतो, म्हणजे तू आत ये’ असे म्हटले नाही. पुढे सहाशे वर्षे दार बंद राहिले. ते उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, म्हणजे माणसांनी माणसांवर आणलेल्या दबावाने. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधणारा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यांच्या मनात चोखोबाबद्दल आदर होता. पण भक्तीच्या अनुभवाने जात मोडत नाही, हेही ते ओळखून होते. म्हणून काळाराम मंदिरासमोर त्यांनी भजन मांडले नाही, २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू केला. पुजाऱ्याचा अनुभव शास्त्र होतो आणि महाराचा अनुभव अभंग होऊन पायरीवर थांबतो. अनुभव मोजणारा तराजू पहिल्यापासून कोणाच्या हातात आहे ते यावरून ओळखा.

दुसरे उदाहरण गांधीजींचे. मे १९३३ मध्ये त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला, तो आतून आवाज आला म्हणून. तो ईश्वराचाच आवाज होता आणि सगळे जग विरोधात गेले तरी आपला हा विश्वास ढळणार नाही, अशा आशयाचे त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिले. नीट वाचा. सगळे जग विरोधात गेले तरी! ज्या दाव्याला जगातली कोणतीच गोष्ट खोटे पाडू शकत नाही, त्याच्याशी चर्चा कशी करायची? पुढे जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही दैवी शिक्षा, असे गांधीजी म्हणाले. त्यावर रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर आक्षेप घेतला. हाच तर्क सनातन्यांनाही वापरता येईल आणि ते भूकंपाचा दोष गांधीजींच्याच माथी मारतील, हे त्यांनी दाखवून दिले. देवाचा आवाज अस्पृश्यतेच्या विरोधात बोलतो तसा बाजूनेही बोलतो. आपले माणूसपण कोणाच्या आतल्या आवाजावर सोडायचे नाही, म्हणूनच बाबासाहेबांनी संविधानात कलम १७ हवे असा आग्रह धरला.

मग अनुभव येतो कुठून? समाजशास्त्र शिकताना मी दुर्खेम वाचला. त्याने १९१२ च्या ग्रंथात दाखवले की माणसे एकत्र येऊन नाचतात, गातात, तेव्हा प्रत्येकाला स्वतःहून मोठी शक्ती जाणवते. ती शक्ती खरीच असते, पण ती समूहाची असते. नाव मात्र देवाचे दिले जाते. हे वाचताना मला माझी आजी आठवली.

१९५६ नंतरही आमच्या घरातला देव्हारा बरीच वर्षे हलला नव्हता. आजीच्या अंगात यायचे. एरवी आजोबांपुढे तोंड न उघडणारी आजी घुमायला लागली की त्यांना अरे-तुरे करायची. “दारू सोड, पोरीला शाळेत घाल,” म्हणायची, आणि आजोबा हात जोडून “होय आई” म्हणायचे. माझी आत्या सातवीपर्यंत शिकली ती त्या ‘देवी’मुळे. देवी खरी होती म्हणून नव्हे. त्या घरात बाईचे बोलणे बाईचे म्हणून ऐकलेच जात नव्हते म्हणून.

पण त्याच देवीने माझ्या काकाच्या धाकट्या मुलाच्या तापावर दवाखान्याऐवजी अंगारा सांगितला. ते पोर गेले. आजी त्यानंतर कधी घुमली नाही आणि त्याबद्दल बोललीही नाही. शाळेत घाल म्हणणारा आवाज आणि अंगारा लाव म्हणणारा आवाज एकच होता. कोणता ऐकायचा हे आतून कळायला काही मार्ग नव्हता. बाहेरून तपासायला हवे होते, आणि देवीला तपासायचे नसते.

इथे आपल्यातलेच काही जण विचारतील, “बुद्धांची बोधी हाही वैयक्तिक अनुभवच ना? कालामांना बुद्धांनी स्वतः जाणून घ्या असेच सांगितले ना?” रास्त प्रश्न आहे. पण कालाम सुत्तातली कसोटी ‘मला जाणवले’ ही नाही. यातून लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो, माणसाचे हित होते की अहित, हे पाहायला तिथे सांगितले आहे. हे चारचौघांत तपासता येते.

दीघनिकायातली दोन सुत्ते तरुणांनी जरूर वाचावीत. तेविज्ज सुत्तात बुद्ध वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण तरुणांना विचारतात, तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या सात पिढ्यांपैकी कोणी ब्रह्मा पाहिला आहे का? कोणीच नाही. मग ही आंधळ्यांची रांग झाली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हा संवाद मुद्दाम घेतला आहे. पण कोणी म्हणाला, ‘मी पाहिला!’ तर? त्याचे उत्तर ब्रह्मजाल सुत्तात आहे. तिथे एक तपस्वी समाधीत मागचा जन्म आठवतो. त्याला ब्रह्मा दिसतो, त्यामागचे काही आठवत नाही, आणि तो ठरवतो की ब्रह्माच जगाचा कर्ता. ही गोष्ट तुम्ही कथा म्हणूनच घ्या, त्यातला युक्तिवाद बघा. बुद्ध त्याला खोटारडा म्हणत नाहीत. तुझी आठवण जिथे संपली, तिथेच जग सुरू झाले असे तू धरलेस, ही त्याची चूक ते दाखवतात. अनुभव होता, अर्थ चुकला.

आणि ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. विपश्यनेत प्रकाश दिसला म्हणून कोणी स्वतःला पोहोचलेला समजू लागला, किंवा ‘बाबासाहेब स्वप्नात येऊन म्हणाले’ असे सांगून कोणी पुढारी वर्गणी मागू लागला, तर त्यालाही हाच प्रश्न विचारायचा. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. मार्ग चालून बघता येतो. चालूनही पोहोचलो नाही तर तसे म्हणताही येते.

शेवटचा आक्षेप : ‘देवामुळे माझी दारू सुटली.’ सुटली असेल, अभिनंदन! माळ घातल्यावर वारकऱ्यांची सोबत मिळते, चार माणसांत लाज राहते, दारू सुटते. दीक्षा घेऊन दारू न पिण्याची प्रतिज्ञा केल्यावरही अनेकांची सुटली, तिथे देव नव्हता. दोन्हीकडे सारखे काय होते? निश्चय आणि सोबत. श्रेय त्यांना द्या.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा कोणाच्या श्रद्धेला किंवा अनुभवाला शिक्षा करत नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकला, अंगातल्या शक्तीची भीती घालून लुबाडले, तर शिक्षा करतो. आपलीही रेघ तिथेच असावी.

मी त्या मुलाच्या घरी गेले होते. त्याच्या आईशी देवी आहे की नाही यावर एक शब्दही बोलले नाही. तिला इतकेच विचारले, “बाई, देवी नसते तेव्हा घरात तुमचं कोण ऐकतं?” ती बराच वेळ गप्प होती. मग बोलायला लागली ती दीड तास. सासरा, नवऱ्याचे सुटलेले काम, डोकेदुखी, झोप न लागणे. पुढच्या आठवड्यात आम्ही सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. देव्हारा अजून आहे. पण मुलगा पुन्हा वर्गाला येतो, आणि आता आईही दाराशी बसून ऐकते.

तरुणांनो, आपल्या आयाबहिणींचा अनुभव नाकारू नका, त्यांनी लावलेला अर्थ तपासा. आणि तपासायला त्यांनाच सोबत घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!