वॉटर पंप बदलताना पॅकिंगला सिलिकॉन लावावं का? ट्यूब उघडण्याआधी हे वाचा

श्रीगोंदा : गळीत हंगाम सुरू झाला की तालुक्यातल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसरात्र दिसतात. फेरा नागवडे कारखान्याचा असो की पिंपळगाव पिसा इथल्या कुकडी कारखान्याचा, साधारण नोव्हेंबर ते मार्च हा काळ इंजिनाची परीक्षा पाहणारा असतो. आणि याच काळात गॅरेजवाल्यांच्या कानावर एक तक्रार हमखास येते : "गाडी गरम होतेय, वॉटर बॉडीतून पाणी गळतंय."

वॉटर बॉडी म्हणजे वॉटर पंप. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे आणि थंड झालेलं पाणी परत इंजिनाकडे फिरवणारा भाग. तो बदलायला फार वेळ लागत नाही. जुना पंप निघतो, नवा बसतो, मधे नवं पॅकिंग म्हणजे गॅस्केट लागतं. पण बोल्ट आवळण्याआधी बहुतेक ठिकाणी एक ट्यूब बाहेर निघते. कुणी तिला सिलिकॉन म्हणतं, कुणी अनाबॉन्ड, कुणी आरटीव्ही. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी जाडसर थर दिला जातो, 'सेफ्टीसाठी'.

ही सेफ्टी खरी आहे का? बहुतेक वेळा नाही. पंपासोबत तयार पॅकिंग आलं असेल आणि वाहनाच्या पुस्तिकेत सीलंट लावा असं लिहिलं नसेल, तर ते कोरडंच बसवावं. सीलंटला त्याची जागा आहे, पण ती नेमकी आहे. आणि फेस साफ न करता वर सिलिकॉन थापणं ही दुरुस्ती नव्हे, पुढच्या बिघाडाची तारीख ठरवणं आहे.

पॅकिंग पाणी अडवतं कसं?

पंप आणि इंजिन ब्लॉक यांचे फेस डोळ्यांना सपाट दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. बोल्ट आवळले की मधलं पॅकिंग दाबलं जातं आणि त्या खाचाखोचांमध्ये शिरतं. म्हणजे पाणी अडतं ते दाबामुळे. पॅकिंग जागच्या जागी राहतं ते धातूशी होणाऱ्या घर्षणामुळे.

आता मधे ओल्या सिलिकॉनचा जाड थर आला तर काय होतं? तो वंगणासारखं काम करतो. बोल्ट आवळताना कागदी पॅकिंग बाहेरच्या बाजूला सरकतं, कधी बोल्टच्या भोकापाशी फाटतं. बाहेरून सगळीकडे सिलिकॉनची रेघ दिसते म्हणून काम पक्कं वाटतं. आत मात्र पॅकिंगवर हवा तसा दाब बसलेला नसतो.

दुसरा धोका आतल्या बाजूचा. बाहेर जेवढं सिलिकॉन दाबून निघालेलं दिसतं, तेवढंच आतही निघालेलं असतं. त्याचा तुकडा सुटला की पाण्याबरोबर फिरत फिरत रेडिएटरच्या अरुंद नळ्यांपर्यंत किंवा थर्मोस्टॅटपर्यंत जातो. गळती थांबवायला लावलेली वस्तूच पाण्याची वाट अडवते, आणि मग 'नवा पंप टाकला तरी गाडी गरम का होते' हे कोडं सुटता सुटत नाही.

तिसरा मुद्दा वेळेचा. आरटीव्ही सिलिकॉन हवेतल्या दमटपणामुळे सुकतं. वरची साय काही मिनिटांत धरते, पण पूर्ण पक्कं व्हायला साधारण २४ तास लागतात. श्रीगोंदा पर्जन्यछायेतला तालुका. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत हा वेळ आणखी वाढतो. आपल्याकडे मात्र अर्ध्या तासात पाणी भरून गाडी रस्त्यावर असते.

थेंबभर गळतीने एवढं काय होतं?

'थोडं गळतंय, पाणी टाकत राहू,' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बारमधला दाब. ०.९ बार दाब टिकला तर साधं पाणीही १०० ऐवजी सुमारे ११८ अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणजे इंजिनाला १८ अंशांची जास्तीची मोकळीक मिळते. पॅकिंगमधून गळती सुरू झाली की पाण्याबरोबर हा दाबही जातो. चढावर, भरलेल्या ट्रॉल्यांसह, पाणी लवकर उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी ओढून घेऊ शकत नाही. पुढची पायरी हेड गॅस्केट उडण्याची किंवा हेड वाकण्याची. पंपाच्या पॅकिंगचा खर्च आणि हेडच्या कामाचा खर्च यांची तुलनाच होत नाही.

नुकसान इंजिनापुरतंही राहत नाही. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकं त्याचं वजन आणि साखर घटते. फडातली टोळी बसून राहते. ट्रॅक्टरचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

मग सीलंट लावायचं कुठे?

सरसकट 'लावू नका' असं म्हणणंही चूकच ठरेल. प्रकार ओळखावा लागतो.

रबरी ओ-रिंग : सिलिकॉन अजिबात नको. रिंग खाचेत नीट बसावी म्हणून कूलंटने किंवा पाण्याने ओली करणं पुरेसं.

रबराची कडा असलेलं धातूचं पॅकिंग : हेही कोरडंच. त्याची कडा ठरावीक दाबासाठी बनवलेली असते.

साधं कागदी पॅकिंग : पुस्तिका सांगत नसेल तर कोरडं. बसवताना ते घसरत असेल तर पंपाच्या बाजूला, नखाने खरवडता येईल इतका पातळ हात पुरतो.

पॅकिंगच नसलेले पंप : काही इंजिनांत कंपनीच सीलंटची सलग रेघ द्यायला सांगते. तिथे सीलंट हेच पॅकिंग. रेघेची जाडी आणि सुकण्याचा वेळ दोन्ही पाळावे लागतात.

पाण्याच्या पोकळीत उघडणारे बोल्ट : इथे आट्यांना सीलंट लागतंच. अनेकदा पॅकिंग ठीक असतं आणि पाणी आट्यांमधून झिरपतं, दोष मात्र पॅकिंगला जातो.

आणखी दोन गोष्टी. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते इंजिनाला वापरू नये. सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि ते धातूला खातं. खिडक्या-काचांचं सिलिकॉन बहुधा या जातीचं असतं. दुसरं, पंपाच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. तिथून पाणी थेंबथेंब येत असेल तर आतलं सील गेलं आहे असा इशारा पंप देतोय. ते भोक सिलिकॉनने बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप जाम होतो.

मिस्त्रींची बाजू

गॅरेजमधला युक्तिवाद असतो तो असा : पुस्तिकेतली गाडी नवी असते, समोरची १५ वर्षं चाललेली. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरून तिचा फेस खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असतो. तिथे कोरडं पॅकिंग टिकत नाही.

हा युक्तिवाद खोटा नाही. गंजाचे बारीक डाग असतील तर पातळ सीलंटची मदत होते. पण किती खोल खड्डा म्हणजे सीलंटचं काम आणि किती म्हणजे लेथवर फेसिंगचं काम, हे सरळ पट्टी ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि बघण्याआधी जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून काढावं लागतं. त्याला वेळ लागतो. तो वेळ द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. 'आजच्या आज गाडी पाहिजे' म्हणणाऱ्यांनी सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणं बरोबर नाही. सिलिकॉनचा जाड थर हा बऱ्याचदा आपल्या घाईचाच थर असतो.

खरी अडचण माहितीची

अभियांत्रिकीच्या वर्गात गॅस्केटवर किती दाब लागतो याची गणितं शिकवतात. ती शिकलेला माणूस सहसा पाना हातात घेत नाही, आणि ज्याच्या हातात पाना असतो त्याच्यापर्यंत त्या गणिताचं एका ओळीतलं उत्तरही पोहोचत नाही. वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी नव्या पंपाचं खोकं उघडलं तर आत सूचनेचा कागद अनेकदा नसतोच. असला तर इंग्रजीत. बोल्ट किती आवळायचा, पॅकिंग कोरडं की ओलं, हे मराठीत पाच ओळींत सांगायला कंपन्यांना काय लागतं?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुरुवातीला निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि वाहनं ही दोन्ही होती. दुरुस्तीची माहिती ग्राहकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीला मिळावी, हा त्यामागचा विचार. तो विचार गावापर्यंत आणायचा तर सुरुवात पंपाच्या खोक्यातल्या मराठी चिठ्ठीपासून व्हावी. डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या आयटीआयनेही हंगामाआधी परिसरातल्या मिस्त्रींसाठी एक दिवस ठेवायला हरकत नाही.

तोपर्यंत मालकाने काय करावं?

पंप घेताना त्याच मॉडेलचं पॅकिंग सोबत घ्या, जाड कागद कापून काम भागवू नका. जुनं पॅकिंग काढल्यावर दोन्ही फेस स्वतः बघा. बोल्ट एका बाजूने ओळीने न आवळता समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळायला सांगा. सीलंट लावलंच तर ट्यूबवर लिहिलेला वेळ गाडी उभी ठेवा. नंतर साध्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

यातल्या कशालाच मोठा खर्च नाही, लागतो तो एखादा तास. हंगामात तासाची किंमत काय असते हे ट्रॅक्टरवाल्याला सांगायला नको. पण तो तास गॅरेजमध्ये दिला नाही, तर भरलेल्या ट्रॉल्यांसह रस्त्याच्या कडेला अख्खा दिवस द्यावा लागतो.