फोटो आला, ताळा कुठे आहे?

"विषाणूचा फोटोच आलाय, आता आणखी काय पुरावा हवा?" असं एक भाचा म्हणतो. दुसरा म्हणतो, "फोटो दाखवा, मगच विषाणू मानू." मंडळी, माझं भांडण दोघांशीही आहे.

२००९ सालचं उदाहरण घ्या. ऑक्टोबरमध्ये 'सायन्स' या अमेरिकी नियतकालिकात एक शोधनिबंध आला. वर्षानुवर्षं न जाणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात 'एक्सएमआरव्ही' हा नवा विषाणू सापडल्याचा दावा होता. २१८ निरोगी माणसांत तो फक्त ८ जणांत. सोबत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटो. "सगळे मनाचे खेळ" असं ऐकून घेणाऱ्या रुग्णांना वाटलं, सुटलो एकदाचे! काहींनी तर एचआयव्हीची औषधं घ्यायला सुरुवात केली.

इतर प्रयोगशाळांना मात्र तो सापडेना. २०११ मध्ये उलगडा झाला. विषाणू खरा होता, पण माणसांच्या रक्तातला नव्हता. १९९० च्या दशकात प्रोस्टेटच्या कर्करोगाची गाठ प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढवताना, उंदरांच्याच दोन विषाणूंचे तुकडे जुळून तो जन्मला होता आणि पुढे रक्ताच्या नमुन्यांत भेसळ झाली होती. डिसेंबरमध्ये 'सायन्स'ने निबंध मागे घेतला. २०१२ मध्ये मूळ संशोधकांनाही सोबत घेऊन १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी माणसं पुन्हा तपासली. रुग्णांत विषाणू जास्त असल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही.

आता दुसऱ्या भाच्यासाठी. हिपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये जाहीर झाला तो फोटोवरून नव्हे, तर बाधित चिंपांझीच्या रक्तातून मिळालेल्या जनुकाच्या तुकड्यावरून. लगेच रक्तपेढ्यांसाठी चाचणी आली आणि रक्त घेणारे असंख्य लोक वाचले. २०२० चं नोबेल त्याच कामाला मिळालं. आधी फोटोच हवा म्हणून अडून बसलो असतो तर?

वर्गात मी मुलांना सांगत असे, उत्तर आलं की थांबू नका, ताळा करा. फोटो हे उत्तर आहे, ताळा नव्हे. दुसऱ्याने, दुसऱ्या जागी, दुसऱ्या रीतीने केलं आणि तेच आलं, तो ताळा. "शास्त्रज्ञ रोज मत बदलतात" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, ताळा चुकला की उत्तर खोडणं ही लाज नाही, ती रीत आहे. लाज वाटावी ती ताळा न करता उत्तर पुढे ढकलणाऱ्याला. त्या रुग्णांच्या आशेची किंमत कोणी मोजली?

असो. पटलं नाही तर खाली जरूर भांडा.