कपातीची नोटीस कुठे आहे?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत ऑर्डरी घटल्या की पगारकपातीचे संमतिपत्र निघते. मजकूर ठरलेला: कंपनीची अडचण लक्षात घेऊन मी स्वखुशीने वगैरे. तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली, कपात मात्र त्याच महिन्याच्या एक तारखेपासून. हा कागद बहुतेक वेळा आपल्यापैकीच कुणाच्या तरी, एचआरच्या किंवा कायदा सल्लागाराच्या, टेबलावर तयार होतो. म्हणून या वेळचे बोलणे मालकांशी कमी, आपल्याशी अधिक.

पगारकपात मुळात बेकायदा नाही. ती कशी केली यावर सारे अवलंबून. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९-अ आपल्याला पाठ आहे: वेतनात बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ते कलम ४० झाले, मुदत तीच राहिली. तातडीच्या प्रसंगी नोटिशीतून सूट आहे, पण ती पाळी बदलण्यापुरती, आणि तीही तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून. वेतनाला ती नाही. संकटात नोटीस लागत नाही असे मालकाला सांगणाऱ्याने कलम शेवटपर्यंत वाचलेले नसते.

समझोता करार झाला तर नोटीस लागत नाही, हे खरे. पण एकेकाला केबिनमध्ये बोलावून गोळा केलेला सह्यांचा गठ्ठा म्हणजे समझोता नव्हे. तो औद्योगिक न्यायालयात टिकेल, अशी हमी आपण तरी देऊ नये. आणि झालेल्या कामाचा पगार तर मालकाच्या डोक्यावरचे देणेच. देय वेतनावरचा हक्क सोडून देणारा करार वेतन संहितेच्या कलम ६० ने रद्दबातल ठरतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही तेच होते. मागल्या तारखेपासूनची कपात तिथेच अडकते.

२०२० मध्ये याची परीक्षा आपल्याच शहरात झाली. २९ मार्चला केंद्राने टाळेबंदीत पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला आणि कारखानदार उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. ‘अलाइन कंपोनंट्स’ प्रकरणात ३० एप्रिलला न्या. रवींद्र घुगे यांनी आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कामावर हजर राहिल्यावरच मिळणारा प्रवास आणि जेवणाचा भत्ता तेवढा वगळून एकूण वेतन द्यावे, असे सांगितले. त्याच निकालात दुसरी बाजूही होती: जिथे टाळेबंदी शिथिल झाली तिथे स्वेच्छेने गैरहजर राहणाऱ्याचे वेतन कापता येईल. बारा दिवसांनी तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिराच्या कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात त्याच न्यायमूर्तींनी म्हटले, की अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व लावता येणार नाही. आपले बरेच सल्लागार पहिल्या निकालातली कपातीची ओळ लक्षात ठेवतात, दुसरा निकाल विसरतात.

केंद्राचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. १२ जूनला ‘फिकस पॅक्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० दिवसांच्या वेतनाबाबत मालक-कामगारांनी वाटाघाटी कराव्यात, जमले नाही तर कामगार खात्याकडे जावे, असे सांगितले. संकटाच्या ऐन मध्यावरही न्यायालयाने रस्ता दाखवला तो चर्चेचा.

व्यवस्थापकीय काम करणारे अभियंते आणि व्यवस्थापक कामगाराच्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना कलम ४० चा आधार नाही. त्यांचे नियुक्तिपत्रच त्यांचा कायदा. पण कलम ६० त्यांनाही लागू आहे, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. (यात एचआर अधिकारी स्वतःही आले!)

कपात टळत नसेल तर ती किती महिन्यांची, बेसिकमधून की भत्त्यांतून, हे लेखी ठरवा. बेसिक घटले की भविष्य निर्वाह निधी घटतो, आणि त्याच काळात कुणी निवृत्त झाला तर ग्रॅच्युइटीही. पगार पुढे ढकलला असेल तर त्याला कपात म्हणू नका, ताळेबंदात देणे म्हणून दाखवा. संचालकांचे मानधन किती कमी झाले, तेही त्याच कागदावर येऊ द्या. कामगार पहिला प्रश्न तोच विचारतात आणि तो रास्त आहे.

संमतिपत्राचा मसुदा मागणाऱ्या मालकापुढे आधी नोटिशीचा मसुदा ठेवा.