इन्व्हर्टरची बॅटरी आणि देवघर
मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षेत वीज गेली की इन्व्हर्टर अगदी देवासारखा धावून येतो. पण त्याची बॅटरी? ती कुठल्यातरी कोपऱ्यात ढकललेली! आमच्याकडे ती देवघराच्या कपाटातच, खालच्या कप्प्यात होती नि वर समई. बॅटरीत पाणी घालायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने आधी समई विझवायला लावली. चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद जागेत हवेत तो ४ टक्के झाला, तरी ज्योतीने भडका उडू शकतो!

तुम्हीही बॅटरी हवेशीर, सावलीच्या जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पातळी बघा. कमी असेल तर खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको, अ‍ॅसिड तर नकोच. त्याआधी इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा. हातातल्या बांगड्याही उतरवा, रबरी हातमोजे नि चष्मा घाला. डोळ्यात अ‍ॅसिड उडालंच, तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा नि लगेच डॉक्टर गाठा.

आमची समई आजही तिथेच तेवते, बरं का. बॅटरी तेवढी गॅलरीत गेली!