शाळेपर्यंतच्या वाटेची जबाबदारी

जून महिन्यात शाळा सुरू होताना पटनोंदणी, पाठ्यपुस्तके आणि गणवेश यांचा हिशेब शासकीय यंत्रणा काटेकोरपणे ठेवते. मात्र पटावर नाव असलेले मूल घरातून निघून वर्गात कसे पोहोचते आणि शाळा सुटल्यावर घरी कसे परतते, हा प्रश्न महाराष्ट्रात तीन यंत्रणांमध्ये विभागला गेला आहे. शिक्षण विभाग घर आणि शाळा यांमधील अंतर मोजतो, राज्य परिवहन महामंडळ प्रवासाच्या पासची पात्रता ठरवते आणि परिवहन विभाग वाहनाची तपासणी करतो. या तिघांचेही नियम विचारपूर्वक केलेले आहेत आणि त्यांच्या आधाराने लाखो मुले शाळेपर्यंत गेली आहेत. परंतु दारापासून वर्गापर्यंतच्या संपूर्ण वाटेला उत्तरदायी असे कोणीच नसल्यामुळे, प्रत्येक नियमानुसार पात्र ठरलेले मूलही प्रत्यक्षात शाळेबाहेर राहू शकते.

या विषयाचा कायदेशीर पाया म्हणजे २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम होय. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला परिसरातील शाळेत शिकण्याचा हक्क या अधिनियमाने दिला आणि त्याखालील नियमांनी ‘परिसर’ या संज्ञेला माप दिले. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे ते माप आहे. एवढ्या अंतरात शाळा नसलेल्या लहान वस्त्यांमधील मुलांसाठी शासनाने मोफत वाहतूक किंवा निवास यांसारखी पुरेशी व्यवस्था करावी, असे नियम सांगतात. केंद्र शासनाच्या २०१० च्या नियमांत याहूनही सूक्ष्म विचार आढळतो. डोंगराळ प्रदेश, दरडी, पूर, रस्त्याचा अभाव किंवा लहान मुलांना वाटेत संभवणारा इतर धोका असेल, तेथे अंतराची मर्यादा कमी करून शाळेची जागा निवडावी, असे त्यांत म्हटले आहे. अंतर हा केवळ किलोमीटरचा आकडा नसून चालणाऱ्या मुलाच्या वाटेचा प्रश्न आहे, ही जाण कायदा करणाऱ्यांना होती, हे यावरून स्पष्ट होते.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ही जाण मागे पडते आणि आकडा तेवढा उरतो. कोकणातील एखाद्या वाडीपासून शाळा दीड किलोमीटरवर असली, तरी मधल्या ओढ्यावरचा साकव पावसाळ्यात पाण्याखाली जातो तेव्हा तीच शाळा मोठ्या वळशाने गाठावी लागते किंवा त्या दिवशी गाठताच येत नाही. सातपुड्यातील पाडे आणि मराठवाडा-विदर्भातील तांडे यांच्या वाटाही ऋतूनुसार बदलतात. जूनमध्ये नोंदवलेले अंतर जुलैत खरे राहीलच असे नाही. तरीही पात्रतेची नोंद वर्षातून एकदाच होते. अशा वस्त्यांमधील मुलांना समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्ता मिळतो आणि तो अर्थातच उपयोगी आहे, परंतु ज्या पाड्यावर सकाळी वाहनच येत नाही, तेथे बँक खात्यात जमा झालेल्या रकमेने मूल शाळेत पोहोचत नाही.

याहून गंभीर उणीव इयत्तेच्या मर्यादेत आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथी-पाचवीपर्यंत, तर मोठ्या गावांत सातवी-आठवीपर्यंत असते; नववीपासून पुढचे शिक्षण बहुधा बाजाराच्या गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या माध्यमिक विद्यालयात घ्यावे लागते. शाळा सर्वाधिक दूर जाते ती नेमकी याच टप्प्यावर, आणि मोफत शिक्षणाच्या हक्काबरोबर येणारे वाहतुकीचे संरक्षण संपते तेही याच टप्प्यावर. केंद्र शासनाने २०२१ मध्ये समग्र शिक्षा योजनेची पुनर्रचना करताना माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांसाठीही वर्षाला कमाल ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक साहाय्याची तरतूद केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र योजनेतील तरतूद आणि अधिनियमातील हक्क यांत मूलभूत फरक असतो. तरतूद निधीच्या उपलब्धतेनुसार कमी-अधिक होऊ शकते, हक्क नाकारला गेल्यास त्यासाठी दाद मागता येते.

नववीनंतरची ही पोकळी महाराष्ट्रात मुख्यतः एसटीने भरून काढली आहे. मासिक पासवर विद्यार्थ्यांना प्रवासभाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यांना भरावा लागतो. तर पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेखाली ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना घर ते शाळा हा प्रवास विनामूल्य आहे. या पाससाठी शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र, ओळखीचा पुरावा आणि छायाचित्र घेऊन आगारातील किंवा बसस्थानकावरील खिडकीसमोर रांग लावावी लागत असे आणि त्यात एखाद्या दिवसाची शाळा बुडत असे. २०२४ पासून शाळांकडून याद्या घेऊन शाळेतच पास देण्याची मोहीम महामंडळाने सुरू केली. विद्यार्थ्याने यंत्रणेकडे जाण्याऐवजी यंत्रणेने विद्यार्थ्याकडे यावे, हे तत्त्व या छोट्या सुधारणेने मान्य केले, म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

तथापि पास हा प्रवासाचा परवाना असतो, प्रवासाची हमी नसते. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी कामावर जाणाऱ्यांच्या सोयीची असली, तरी अकराच्या शाळेसाठी ती फार लवकरची ठरते आणि पुढची फेरी चुकली की पहिले दोन तास बुडतात. शनिवारी शाळा सकाळी भरते आणि अकरा-साडेअकराच्या सुमारास सुटते. गावाकडे जाणारी फेरी मात्र इतर दिवसांप्रमाणे संध्याकाळची असेल, तर मुलांना सारी दुपार स्थानकावर काढावी लागते किंवा मिळेल त्या खासगी वाहनात दाटीवाटीने बसून घर गाठावे लागते. पाचनंतर सुटणाऱ्या शाळेतून निघालेली मुलगी हिवाळ्यात अंधार पडल्यावर फाट्यावर उतरते आणि तेथून वस्तीपर्यंतची वाट तिला एकटीने चालावी लागते, तेव्हा तिचे शिक्षण पुढे चालू ठेवायचे की नाही हा निर्णय घरातील मोठी माणसे त्या अंधाराकडे पाहून घेतात. पासची पात्रता ठरवताना यांपैकी कशाचीच नोंद होत नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा पास आणि सवलत या दोन्ही गोष्टींचे मूल्य गाडी धावण्यावरच अवलंबून असते, याचा अनुभव ग्रामीण विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ घेतला.

वेळ आणि मार्ग यांचा विचार करून आखलेली व्यवस्था काय साधू शकते, याचे उदाहरण राज्यातच उपलब्ध आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांमध्ये मुलींच्या शाळेसाठी स्वतंत्र बस देण्यात आल्या. एसटी त्या चालवते, त्यांच्या निळ्या रंगामुळे त्या ओळखू येतात आणि त्यांचे वेळापत्रक शाळेच्या वेळेवरून ठरवणे अपेक्षित असते. याच कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. सायकलीचा परिणाम किती खोलवर जातो, हे बिहारच्या अनुभवाने दाखवले आहे. तेथे २००६ मध्ये नववीतील मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. तिचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांना असे आढळले की, माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्या दाखल्यांतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. माध्यमिक शाळा ज्या गावांपासून दूर होती, त्या गावांत हा परिणाम अधिक ठळक होता. मुलींच्या गळतीचे कारण केवळ पालकांच्या अनास्थेत शोधणाऱ्यांनी हा निष्कर्ष गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे.

शहरांतील प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. तेथे वाहन मिळते, पण ते सुरक्षित आहे का आणि परवडणारे आहे का, हे प्रश्न उभे राहतात. १९९७ मध्ये दिल्लीत वझीराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून अनेक मुले दगावली आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने वेगनियंत्रक, अनुभवी चालक आणि वाहनातील देखरेख यांसंबंधी निर्देश दिले. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग, आपत्कालीन दरवाजा, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि मदतनीस या बाबी त्यांनी बंधनकारक केल्या. त्याचबरोबर प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावी आणि तिने थांबे, भाडे व सुरक्षितता यांवर लक्ष ठेवावे, अशी रचना केली.

या नियमांचा खरा कस थांब्यावर लागतो. मदतनीस मावशीने आधी स्वतः खाली उतरावे, मुलाला हात देऊन उतरवावे, गरज असेल तेथे रस्ता ओलांडून द्यावा आणि बालवर्गातील मूल पालकांनी नेमून दिलेल्या व्यक्तीच्याच ताब्यात द्यावे. ती व्यक्ती आलेली नसेल तर मुलाला थांब्यावर न सोडता शाळेत परत आणून पालकांना कळवावे, ही पद्धत सुरक्षित वाहतुकीचा कणा आहे. ती पाळण्यासाठी मदतनिसाला पुरेसे वेतन, प्रशिक्षण आणि प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटे अधिक थांबण्याची मुभा द्यावी लागते, आणि त्याचा खर्च भाड्यात धरावा लागतो. तो न परवडणारे पालक क्षमतेपेक्षा अधिक मुले कोंबणाऱ्या रिक्षा आणि व्हॅन यांच्याकडे वळतात. खासगी शाळांमधील २५ टक्के राखीव जागांवर मोफत प्रवेश मिळालेल्या मुलांच्या कुटुंबांना तर बसचे शुल्क हाच सर्वांत जड खर्च होऊन बसतो. त्यामुळे सुरक्षिततेचा नियम आणि आर्थिक साहाय्य यांचा विचार एकत्र झाल्याशिवाय सर्वांत गरीब मूल सर्वांत असुरक्षित वाहनात बसत राहील.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या सोळाव्या कलमानुसार, शासनाने निधी किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना आणि अधिक आधाराची गरज असलेल्या मुलांच्या सोबत्यालाही वाहतुकीची सुविधा द्यावी, यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत. सोबत्याचा समावेश करताना कायद्याने मुलाच्या प्रत्यक्ष गरजेवरून पात्रता ठरवली, आणि हीच दृष्टी सर्वच मुलांच्या बाबतीत स्वीकारण्याजोगी आहे.

हा विचार आज तातडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय राज्यात जाहीर झाला, आणि २०२३ मध्ये पानशेत व तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देत लहान शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. मोठ्या शाळेत विषयशिक्षक, ग्रंथालय आणि मैदान मिळते, हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. परंतु शाळा उचलून दूर नेण्याचा निर्णय शासनाचा असेल, तर तेथपर्यंतच्या रोजच्या प्रवासाचे उत्तरदायित्वही शासनाचेच असले पाहिजे. वाहतुकीची कायमस्वरूपी आणि लेखी हमी दिल्याशिवाय एकही शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होऊ नये.

या सर्व नियमांना जोडणारा दुवा निर्माण करण्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही. शिक्षण हक्क अधिनियमाने स्थापन केलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे कामच आहे. प्रत्येक मुलाची वस्ती, त्याची उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील वाट, निघण्याची व घरी पोहोचण्याची वेळ आणि वापरावे लागणारे वाहन यांची नोंद या आराखड्यात व्हावी; माध्यमिक विद्यालयांनीही अशीच नोंद ठेवावी; गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ती संकलित करून आगार व्यवस्थापकांकडे पाठवावी आणि शनिवारच्या फेरीसह शालेय वेळापत्रक तिच्यावरून ठरावे. फेरी रद्द झाली तर शाळेला कळवण्याचे आणि पर्यायी गाडी देण्याचे बंधन आगारावर असावे. मोफत प्रवासाची पात्रता बारावीपर्यंत, मुलगा व मुलगी असा भेद न करता, शाळा दूर असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला लागू व्हावी. यासाठी पैसा लागेल हे खरे आहे. पण शिक्षक, इमारत आणि पुस्तके यांवर राज्य जो खर्च आधीच करते, त्याचा लाभ वर्गात पोहोचलेल्या मुलालाच मिळतो, म्हणून वाहतुकीचा खर्च हा शिक्षणाच्याच खर्चाचा अविभाज्य भाग मानून अर्थसंकल्पात धरला गेला पाहिजे.