पाडायच्या आधी एक फोटो तरी काढा!

जुने कॅमेरे गळ्यात घालून 'हेरिटेज वॉक'ला जाणाऱ्या मंडळींबद्दल आज थोडं लिहायचंय. काहींना राग येईल. येऊ द्या.

रविवारी सकाळी चर्चगेट लोकलमध्ये ही मंडळी हमखास भेटतात. आपल्याच कांदिवलीला, बोरिवलीला चढलेली असतात. याशिका नाहीतर पेंटॅक्स, आणि खिशात हजाराच्या वर पैसे मोजून आणलेला रोल. चर्चगेटला उतरायचं, राजाबाई टॉवर, सीएसएमटीचा घुमट, मरीन ड्राइव्हच्या गोल बाल्कन्या. ३६ फ्रेम संपल्या की इराण्याकडे बनमस्का आणि परतीची गाडी. आठवड्याभराने रोल धुऊन आला की पोस्ट पडते : 'हरवत चाललेली मुंबई'.

अहो, ती कुठे हरवतेय? सीएसएमटी २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती ३० जून २०१८ ला त्याच यादीत गेल्या. आर्ट डेको मुंबई ट्रस्ट २०१६ पासून अशा इमारतींची एकेक करून नोंद करतोय, आणि चांगलं काम करतोय. म्हणजे त्या भागाला कायदा आहे, समिती आहे, अभ्यासक आहेत. हरवतंय ते तुम्ही स्टेशनपर्यंत चालत आलात त्या रस्त्यावर.

चारकोपचंच घ्या. १९८५ मध्ये वर्ल्ड बँकेच्या कर्जावर मुंबईत एक योजना आली. तिच्यात म्हाडाने चारकोप, गोराई, मालवणी इथे बांधलेल्या खोल्या न देता आखलेले प्लॉट दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारचं. घर ज्याचं त्याने बांधायचं. प्लॉट २५, ३०, ४० चौरस मीटरचे. मधे सामाईक चौक, भोवती घरं, त्यांची मिळून एक सोसायटी. मग ज्याच्या हातात जसा पैसा आला तसं घर वाढत गेलं. आधी वर पत्रा, मग स्लॅब, मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला आणि बाहेरून लोखंडी जिना. शेजारी शेजारी एकाच मापाची दोन घरं, पण ग्रिल वेगळं, लाद्या वेगळ्या, रंग वेगळा. जगात अशा योजना फसल्या असं मानून वर्ल्ड बँकेनेच पुढे त्यातून अंग काढलं होतं. २०१८ मध्ये तिथल्याच अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतल्या या वस्त्या परत तपासल्या आणि लिहिलं की आपण ज्याला अपयश समजलो ते यश निघालं.

परदेशातले नगररचनावाले ज्या गल्ल्यांवर निबंध लिहितात, त्या गल्ल्या रिक्षाच्या अंतरावर असताना आपला कॅमेरावाला रोल भरून फोर्टला जातो!

आणि एकटं चारकोप कशाला? पोईसर गावात, बंदर पाखाडीत कौलारू ईस्ट इंडियन घरं अजून तग धरून आहेत. मथुरादास रोड, दहाणूकरवाडी, इराणीवाडी इथल्या तीन-चार मजली बिनलिफ्टच्या इमारती बघा. जिन्याला सिमेंटची नक्षीची जाळी, पायऱ्यांना मोझेक, दर्शनी भिंतीवर सिमेंटमध्येच उठवलेली नावाची अक्षरं. सदन, निवास, कुंज, छाया. ही अक्षरं कोणा गवंड्याने हाताने केलेली आहेत. इमारत पाडताना पहिला घण त्यांच्यावरच बसतो, कारण ती गेटच्या वर असतात. त्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरचं नाव काय असतं ते मी सांगायला नको.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, हा पुनर्विकासाच्या विरोधात. नाही बुवा. गळक्या गच्चीखाली बादल्या मांडून पावसाळे काढलेल्यांना आणि गुडघे धरून चार मजले चढणाऱ्या आजीला 'मोझेक किती सुंदर' सांगायचा हक्क मला नाही. पाडा, नवीन बांधा, लिफ्ट लावा. माझी मागणी एवढीच आहे की पाडायच्या आधी तिचा नीट फोटो काढा आणि तो कुठेतरी जपून ठेवा.

ही मागणी किती साधी आहे बघा. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी कलम ७९अ खालचे निर्देश आहेत, आधी २००९ चे, मग ४ जुलै २०१९ चे सुधारित. त्यात बिल्डर निवडायच्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करायला सांगितलंय. म्हणजे सभेत कोण कोणावर ओरडलं हे रेकॉर्डवर राहणार, आणि ज्या इमारतीसाठी ओरडले तिचा मात्र मागमूस नाही! महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. त्या अहवालात फोटो असतात, पण कशाचे? तड्यांचे, गंजक्या सळ्यांचे, सुटलेल्या प्लास्टरचे. माणसाच्या आयुष्याची आठवण म्हणून फक्त त्याचा एक्स-रे ठेवावा, तसं झालं हे.

बरं, आपण होऊन कोणी काढायला गेला तर? मागच्या महिन्यात एका सोसायटीसमोर फुटपाथवर उभा राहून मी दोन फ्रेम घेतल्या. वॉचमन धावत आला. मागून सेक्रेटरी.

"परमिशन आहे का?"

"रस्त्यावरून काढतोय, साहेब."

"डिलीट करा."

"यात डिलीट होत नाही. रोल आहे."

"मग रोल काढून द्या!"

रोल दिला नाही, हे सांगायला नको. पण या निमित्ताने सगळ्या सेक्रेटरी-चेअरमन मंडळींसाठी लिहून ठेवतो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ५२(१) : वास्तूचं छायाचित्र काढणं किंवा छापणं हे त्या कायद्याचं उल्लंघन नाही. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या तुमच्या दर्शनी भिंतीचा फोटो काढायला तुमच्या लेटरहेडची गरज नाही. कुणाच्या खिडकीत लेन्स घालू नये, दोरीवरच्या कपड्यांमागे उभ्या बाईला विचारल्याशिवाय फ्रेममध्ये घेऊ नये, ही माणुसकी झाली आणि ती पाळलीच पाहिजे. कांदिवली पूर्वेला सीओडीची भिंत लागली की कॅमेरा पिशवीत जायला हवा, ते लष्कराचं ठिकाण आहे. पण साध्या चार मजली इमारतीला सीओडीचा दर्जा कोणी दिला? आणि गंमत म्हणजे त्याच इमारतीवरून बिल्डरचा ड्रोन घिरट्या घालतो तेव्हा हेच सेक्रेटरी खाली उभे राहून हात हलवतात.

जग याबाबतीत आपल्या फार आधी शहाणं झालं. १८६० च्या दशकात पॅरिसचे जुने रस्ते पाडून रुंद करायचे ठरले, तेव्हा तिथल्या नगरपालिकेने शार्ल मारव्हिल या फोटोग्राफरला नेमून पाडायच्या गल्ल्यांचे चारशेच्या वर फोटो काढून घेतले. पाडणाऱ्यांनीच काढून घेतले, हे लक्षात घ्या. लंडनमध्ये १८७५ ला ऑक्सफर्ड आर्म्स नावाची जुनी सराई पाडणार म्हटल्यावर नागरिकांनीच संस्था काढली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत जुन्या लंडनचे १२० फोटो जमा केले. सराई वाचली नाही. पण ती दिसायची कशी, हे आज कोणालाही बघता येतं. आणि आपण काही मागे नव्हतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी त्यात होते. तिथून १७० वर्षांनी आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि गल्लीचा एक धड फोटो नाही.

"मग फोनने काढा की, रोलचं कौतुक कशाला?" काढा की! न काढण्यापेक्षा फोन लाख पटीने बरा. पण स्वतःचा अनुभव तपासा. दहा वर्षांपूर्वीच्या फोनमधले किती फोटो आज तुमच्याकडे आहेत? आहेत त्यात घर दिसतं का, की केक कापणाऱ्या बाळामागची अर्धी भिंत? आमच्या वेळी पत्रकारितेच्या डिप्लोमाला डार्करूममध्ये रोल धुवायला लावायचे, तेव्हाची माझी निगेटिव्ह आजही उजेडासमोर धरली की दिसतात. पासवर्ड लागत नाही. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायची, एवढंच पथ्य. शिवाय आता एआय कुठल्याही इमारतीचा कसाही फोटो बनवून देतं. उद्या ओटा होता की नव्हता, पोटमाळा होता की नव्हता असा वाद निघाला, तर पाकिटावर तारीख घातलेली निगेटिव्हची पट्टी जास्त वजनाची ठरेल.

तेव्हा आर दक्षिण विभागातल्या नगरसेवकांना आणि म्हाडाच्या अधिकाऱ्यांना जाहीर विचारणा : पाडकामाच्या परवानगीआधी इमारतीचे चारही बाजूंनी, जिन्याचे, चौकाचे आणि नावाच्या पाटीचे फोटो जमा करायची अट घालायला काय अडचण आहे? म्हाडाच्या जागेवर म्हाडाने घालावी, बाकी ठिकाणी पालिकेने. कोट्यवधींच्या प्रकल्पात दोन रोलचा खर्च बिल्डरला जड जाणार नाही. एक प्रत वॉर्डच्या वाचनालयात ठेवायची, बघणाऱ्याने बघावी. सोसायट्यांना तर सरकारची वाट बघायचीही गरज नाही. करारात एक कलम वाढवायचं.

आणि वॉकवाल्या मित्रांनो, पुढच्या रविवारी गाडी पकडू नका. दहाणूकरवाडीहून मेट्रोत बसून एक फेरी मारा, खालची छपरं मोजा, मग उतरून चालायला लागा.

माझ्याकडे चारकोप, पोईसर आणि मथुरादास रोडचे ११ रोल धुऊन ठेवलेले आहेत. तुमची इमारत त्यात असेल तर प्रिंटचा खर्च तेवढा द्यायचा, नाव आणि गल्ली कमेंटमध्ये लिहा. आणि ज्यांना घर रिकामं करायची नोटीस आलीय त्यांनी तारीख कळवा, दर्शनी बाजूला ऊन सकाळी येतं की दुपारी, तेही सांगा. तसा येतो.