विचारसंवाद : दोन मित्र आणि तिसरा आवाज

पूर्वजांनी जे सांगितले ते सारे जपावयाचे, की बुद्धीच्या कसोटीस उतरेल तेवढेच ठेवावयाचे. आणि मुलांच्या शिक्षणात यांपैकी कोणत्या वृत्तीस अग्रमान द्यावयाचा, हा प्रश्न मराठी समाजात नवा नव्हे. त्यावर झालेल्या थोर संवादांपैकी एक संवाद सभागृहात किंवा महाविद्यालयात न होता मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात झाला. साल १८८२. बोलणारे दोघेही शिक्षक, दोघेही पत्रकार आणि दोघेही अवघे सव्वीस वर्षांचे. एक बाळ गंगाधर टिळक, दुसरे गोपाळ गणेश आगरकर.

टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, तर आगरकरांचा सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. मॉरिशसमधील अनेक मराठी घराण्यांचे पूर्वज याच मुलखातून करार करून ऊस तोडावयास आले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचा संबंध पुढे यावयाचा आहे.

हे दोघे तुरुंगात गेले ते लेखणीपायी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असताना दोघांची मैत्री जमली आणि सरकारी नोकरी न पत्करता शिक्षणास आयुष्य वाहावयाचे असा त्यांचा निश्चय झाला. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे आगरकरही तेथे येऊन मिळाले. १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूरच्या अल्पवयी महाराजांचा छळ होत आहे अशी वार्ता त्या वेळी पसरली होती. या पत्रांनी तेथील कारभारी बर्वे यांच्यावर कडक टीका केली, आणि तिच्या आधारासाठी जी पत्रे छापली ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. शिक्षेत सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले. ते १०१ दिवस कसे गेले याचे वर्णन आगरकरांनी एका छोट्या पुस्तकात करून ठेवले आहे. रात्री दोघांचे बोलणे रंगू लागले की आवाज इतका चढे की पहारेकऱ्यांस येऊन तो खाली आणावयास सांगावे लागे. तुरुंगाची भिंत, अपुरे अन्न, बाहेर बदनामी, आणि आत हे दोन तरुण समाजाच्या भवितव्यावर तावातावाने वाद घालीत आहेत! हल्लीच्या काळी ज्यांस वादाचा कंटाळा येतो त्यांनी हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणावयास हरकत नाही.

त्या रात्रींत जो मतभेद अंकुरला तो पुढील तेरा वर्षांच्या लेखनात विस्तारला. आगरकरांचे म्हणणे थोडक्यात असे होते. रूढी जुनी आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. मिल्ल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांनी कसून अभ्यास केला होता आणि प्रत्येक आचारास ‘याचे कारण काय?’ असे विचारण्याचा त्यांचा बाणा होता. शिक्षण म्हणजे हा प्रश्न विचारण्याचे धैर्य, मग विचारणारी मुलगी असो वा मुलगा. स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे त्यांनी उघड प्रतिपादन केले. स्त्रियांनी जाकिटे घालावीत येथवर त्यांचा उपदेश गेला, आणि पुण्यात त्याची थट्टाही पुष्कळ झाली. थट्टेवर भागले नाही. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी पाहिली आणि पुन्हा लिहावयास बसले.

टिळकांस केवळ ‘जुन्या मताचे’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नव्हे. समाज हा एखाद्या वृक्षासारखा आतून वाढतो, तो बाहेरून ओढून लांबविता येत नाही, ही त्यांची मूळ धारणा होती. परक्या सरकारने कायदा करून आपल्या घरात सुधारणा घडवावी हे त्यांस मानवत नव्हते. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलींची वयोमर्यादा दहावरून बारावर आणिली, तेव्हा त्यांनी त्यास कडाडून विरोध केला. मात्र आदल्याच वर्षी मुलींचे लग्न सोळाव्या आणि मुलांचे विसाव्या वर्षापूर्वी करू नये, हुंडा घेऊ नये, विधवेचे केशवपन करू नये, अशी प्रतिज्ञा सुधारकांनी स्वतःहून पाळावी असेही त्यांनीच सुचविले होते. म्हणजे सरकारी कायद्याने मागितले बारा वर्षे, आणि टिळक स्वेच्छेने मागत होते सोळा. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी टिळकांचे नाव घेताना ही गोष्ट विसरू नये. तथापि मुलींच्या शिक्षणाविषयी त्यांचे मत संकुचित होते, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. १८८४ साली पुण्यात मुलींची माध्यमिक शाळा निघाली, तिच्या अभ्यासक्रमावर त्यांच्या पत्रांनी केलेली टीका आज वाचवत नाही.

दोघांची ताटातूट झाली. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. दोघांनी मिळून ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा पाया घातला होता, तिच्यातून १८९० साली टिळक बाहेर पडले. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जे प्रहार झाले ते मित्रांना न शोभणारे होते. १७ जून १८९५ रोजी फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल असतानाच, दम्याच्या विकाराने जर्जर झालेले आगरकर वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले. ‘केसरी’त मृत्युलेख लिहावयाचा प्रसंग टिळकांवर आला, आणि त्यांनी तो मित्राच्या निष्ठेस व बुद्धीस मान देऊन लिहिला.

एवढ्यावर हा संवाद संपविण्याची प्रथा आहे. परंतु त्यात एक तिसरा आवाज होता आणि तो बहुधा ऐकला जात नाही.

बर्वे प्रकरणात टिळक-आगरकरांस जामीन हवा होता, तेव्हा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. जोतीरावांचे व या ब्राह्मण संपादकांचे मत फारसे जुळत नव्हते. तरी त्यांनी हे केले. आणि योगायोग पाहा. हे दोघे तरुण डोंगरीत शिक्षणावर वाद घालीत असतानाच, त्यांच्या सुटकेपूर्वी सातच दिवस, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीरावांनी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, ज्यास हंटर आयोग म्हणतात त्यापुढे, आपले निवेदन सादर केले.

त्या निवेदनात रूढी श्रेष्ठ की बुद्धी श्रेष्ठ हा प्रश्नच नाही. त्यांचा प्रश्न निराळा होता : शिक्षण कोणाच्या मुलांस? सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातील असावा, प्रसंगी नांगराची मूठ धरण्याची त्यास लाज वाटू नये, त्यास बारा रुपयांहून कमी पगार नसावा, आणि मुलांस मोडी, बालबोध, हिशेब व शेतीचे ज्ञान द्यावे. ‘शिक्षकास बारा रुपये’ हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण ज्याने स्वतः शाळा चालविल्या त्यालाच तो सुचतो. तत्त्वचिंतक बहुधा पगाराविषयी लिहीत नाहीत.

आता मॉरिशसकडे वळावयास हरकत नाही, कारण जोतीराव ज्यांच्याविषयी बोलत होते त्यांचेच भाऊबंद तत्पूर्वीच समुद्र ओलांडून गेले होते. १८३४ पासून करारबद्ध मजुरांची जहाजे पोर्ट लुईस लागत होती. मुंबई बंदरातूनही माणसे निघाली. काळे पाणी ओलांडले की जात गेली, असे गावातले शास्त्री सांगत. जहाजावर तर एकाच भटारखान्यातले अन्न सर्वांनी खाल्ले. पुढे १८९० साली पुण्यात एका ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले! न्यायमूर्ती रानडे आणि खुद्द टिळक त्या चहाच्या प्रकरणात सापडले, प्रायश्चित्ताचे निवाडे झाले. त्या वेळी सातारा-रत्नागिरीकडच्या या मजुरांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत धर्म बुडण्याची सारी कारणे केव्हाच ओलांडली होती, आणि तरीही पुढे त्यांच्या झोपड्यांत भाद्रपदात गणपती बसू लागला.

या एका गोष्टीने दोन्ही मित्रांच्या विचारास थोडा धक्का बसतो. परंपरेचे रक्षण शास्त्र्यांचे निवाडे, ग्रंथ आणि बहिष्कार यांनी होते असे जुन्या पक्षास वाटे. येथे निवाडा देणारा कोणी नव्हता, बहुतेकांस अक्षरओळख नव्हती, मळ्याच्या मालकाची भाषा फ्रेंच होती आणि बाजाराची क्रिओल. तरी आरती टिकली, ओव्या टिकल्या, आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने गणपतीपुढे नाचत राहिली. टिळक समजत होते त्याहूनही परंपरा चिवट निघाली. तिला राखणदारांची तितकीशी गरज पडली नाही. उलट आगरकरांच्या पक्षासही विचारता येते, की ‘याचे कारण काय?’ असे त्या मजुरास विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? बहुधा काहीच नाही. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसास रात्री ढोलकीवर थाप का पडावी याचे प्रमाण देता येत नाही. ती थाप नसती तर पुढची पिढी मराठी राहिली नसती, एवढे मात्र खरे.

परंतु येथेच थांबून पूर्वजांचा नुसता गौरव करीत बसणे हे अर्धसत्य होय. झोपडीतील परंपरेत अन्यायही होता. मुलींचे लग्न लवकर होई आणि शाळेत धाडावयाचे ते मुलास. १९०१ साली गांधीजी मॉरिशसमध्ये काही आठवडे राहिले, तेव्हा मुलांस शिकवा असा त्यांनी आग्रह धरला. तो आग्रह घरोघरी मुलींपर्यंत पोहोचावयास फार काळ लागला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले आणि मग ऊसतोड्याची नात कॉलेजात जाऊ लागली. ज्या घरांनी आजीची आरतीही सोडली नाही आणि नातीची शाळाही थांबविली नाही, त्यांनी डोंगरीतला वाद आपल्यापुरता मिटविला, आणि तोही टिळक-आगरकरांची नावे न ऐकता.

आज प्रश्न पुन्हा उभा आहे, पण निराळ्या रूपात. प्राथमिक शाळेत मूल घालताना आईबापांस पर्यायी भाषा निवडावी लागते. २०१२ पासून त्या पर्यायांत क्रिओल मोरिसियनही आली. घरात मूल क्रिओलच बोलते, मग मराठी का घ्यावी, असे तरुण आईबाप विचारतात. हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. तो आगरकरी प्रश्न आहे आणि त्यास रागावून उत्तर देता येणार नाही. ‘आपली संस्कृती आहे म्हणून’ हे उत्तर वडीलधारी देतात. ते मनापासूनचे असते, पण नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलीचे त्याने समाधान होत नाही. तिला मराठीत केवळ आरतीचे शब्द मिळाले, तर आरती पाठ करावयास भाषा कशाला, रोमन अक्षरांत लिहून घेतली तरी चालते, असे ती म्हणेल, आणि पुष्कळजण तसे करीतही आहेत. मराठीत विचार झालेला आहे, भांडण झालेले आहे, मित्रांनी मित्रांस खोडून काढलेले आहे, हे तिला कोणी दाखविलेच नाही तर ती भाषा तिला देवघरापुरतीच वाटणार.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते, शिक्षक तेथे तयार होतात, पाठ्यपुस्तकेही निघतात. उणीव पुस्तकांची नाही. वरच्या वर्गात परीक्षेची तयारी, निबंध, व्याकरण, म्हणी यांतच वर्ष सरते. शनिवारी सायंकाळी कोणत्याही मंडळाच्या सभागृहात एक तास काढून चार-सहा मोठ्या मुलांपुढे आगरकरांचा एक निबंध ठेवावा, पुढच्या शनिवारी टिळकांचा एक अग्रलेख आणि तिसऱ्या शनिवारी जोतीरावांचे निवेदन. कठीण शब्द शिक्षकाने सांगावेत आणि मग मुलांस वाद घालू द्यावा. आरंभी ती क्रिओलमध्ये बोलतील. बोलू द्यावीत. आजी-आजोबांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे आणि आवाज फार चढला तरी ‘हळू बोला’ असे सांगण्याची घाई करू नये.